न कोरलेली जागा

ताम्हण, पळी, पंचपात्र घासायला काढलं की आधी चिंचेचा कोळ, मग चिमूटभर मीठ, मग अंगठा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. काळपट तपकिरी थर तसाच बसून राहतो, हातावरचं पाणी मात्र गढूळ होत जातं. आणि मग अचानक अंगठ्याखाली एक गुलाबी डाग उघडतो. हा रंग बाजारातल्या कुठल्याच तांब्याला नसतो. घासल्यानंतरच्या पाचदहा मिनिटांपुरताच तो असतो. घरात ही भांडी मीच घासते असं नाही, पण घासायला बसले की त्या डागासाठी बसते, हे खरं. भांड्याला वास येऊ नये, देवापुढे ठेवायला बरं दिसावं, वगैरे कारणं नंतरची.

आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियमने आपल्या संग्रहातली हजारो मुद्राचित्रं संगणकावर मोफत खुली करून ठेवली आहेत. रिकाम्या संध्याकाळी त्यांत हिंडायची मला सवय आहे. त्यातच एक बाई भेटली. खरं तर भेटली म्हणता येणार नाही, कारण तिने माझ्याकडे पाठ केलेली आहे. वहीच्या पानाएवढ्या त्या कागदावर एक आडव्या बांध्याची बाई वाकून धातूची भांडी घासते आहे. भोवती भांडी, वर टोपडं, कमरेपासून खाली स्कर्टच्या जाड घड्या. चेहरा नाही. ती देखणी की कुरूप, हसते आहे की वैतागली आहे, मालकीण आहे की मोलकरीण, काही कळायला वाव नाही. कळते ती फक्त पाठ. भांडी घासणारी बाई मागून कशी दिसते हे स्वयंपाकघराच्या दारात कधी तरी उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. खांद्यांची एक हालचाल असते, ती उजव्या कोपरात सुरू होते आणि कमरेत संपते. सतराव्या शतकातल्या या चित्रात ती हालचाल आहे. कागद स्थिर आहे आणि खांदे हलताहेत.

हे चित्र खेर्त्राउट रोखमन या बाईचं. जन्म आम्सटरडॅमचा, 1625 सालचा. बाप हेंड्रिक रोखमन कोरक्या होता. आजोळ साव्हरी घराण्यातलं. पक्ष्याप्राण्यांच्या चित्रांसाठी नावाजलेला रूलांट साव्हरी हा तिच्या आईचा चुलता. भाऊ रूलांट पुढे निसर्गचित्रकार म्हणून प्रसिद्ध झाला. बहीण माग्दालेना, तीही कोरणी धरणारी. म्हणजे घरात जेवणाच्या टेबलाइतकंच कोरण्याचं टेबल महत्त्वाचं असणार. खेर्त्राउटने भावाच्या रेखाटनांवरून आम्सटरडॅमच्या आसपासची रम्य दृश्यं कोरली, या साव्हरी आजोबांचं व्यक्तिचित्र कोरलं, इटालियन चित्रांवरूनही काम केलं. हे सगळं दुसऱ्यांच्या चित्रांवरून, म्हणजे त्या काळच्या कोरक्यांचं रोजचं काम. पण बायकांच्या घरकामाची पाच चित्रं तिने केली ती मात्र सर्वस्वी तिची. शिवणं, कापडाला चुण्या घालणं, सूत कातणं, रांधणं, भांडी घासणं. कल्पनाही माझी आणि कोरणंही माझं, अशी लॅटिनमधली सही तिने त्यांवर घातली आहे. दुसऱ्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात आपलं नाव लिहिणारे कोरके ढिगाने होते. तिने बायकांच्या घरकामाखाली हा दोन्हींचा हक्क सांगितला, हे मला फार आवडतं.

आता त्या तांब्याबद्दल. कारण हे चित्रसुद्धा तांब्यावरच झालेलं आहे.

त्या काळी युरोपात तांबं बव्हंशी स्वीडनमधून यायचं, फालूनच्या खाणीतून, आणि त्याचा मोठा बाजार आम्सटरडॅमला. (डच कंपनी दुसऱ्या टोकाला जपानचं तांबं जहाजांत भरून सुरतेपर्यंत आणून विकत होती. वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. एखाद्या कोकणी घरातल्या बंबात कधी जपानी तांबं शिरलं असेल का, असा एक निरुद्योगी विचार मी नेहमी करते.) कोरक्याच्या हाती येणारा तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून घट्ट केलेला असे. पण तो तसाच वापरता येत नाही. आधी तो घासावा लागतो. सच्छिद्र ज्वालामुखी दगडाने, मग पाणी लावून लोणारी कोळशाने, मग तेलाचा हात देऊन पोलादी घोटणीने. एकही ओरखडा राहता कामा नये, कारण राहिलेला प्रत्येक ओरखडा शाई धरतो आणि कागदावर उमटतो. म्हणजे भांडी घासणाऱ्या बाईचं चित्र काढण्यापूर्वी कुणीतरी तांबं घासत बसलं होतं. रोखमनच्या घरी ते कोण, बाप की मुली, की एखादा शिकाऊ पोऱ्या, हे चित्रात दिसत नाही. चांगलं घासलेलं काही दिसतच नाही. दिसतो तो राहून गेलेला डाग.

मग कोरणी. चौकोनी छेदाची पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, मागे अळंबीच्या आकाराची लाकडी मूठ. ती मूठ तळव्यात बसवायची आणि सळई पुढे ढकलायची. लेखणीसारखी ओढायची नाही, ढकलायची. नांगराच्या तासासारखी बारीक खाच पडते, तांब्याची वळी पुढे कुरळी होत निघते. पत्र्याखाली वाळूने भरलेली चामड्याची उशी असते. वळणदार रेघ हवी असेल तर हात वळवत नाहीत, उशीवर पत्रा फिरवतात. खाचेच्या कडेला वर आलेला कीस खरवडून काढायचा. पुन्हा ढकलायचं. घासणाऱ्या बाईच्या स्कर्टवरच्या एका घडीत अशा किती रेघा असतील! आणि हे सगळं मान खाली घालून, खिडकीच्या उजेडाला लागून, पाठ वाकवून. रेम्ब्रांटने 1635 साली कोरलेली घावनं करणारी म्हातारी आठवते. तिच्याभोवती पोरांचा गलका आहे, एक पोर आपलं घावन कुत्र्यापासून वाचवतंय. किती मजेची रेघ आहे ती! पण ती आम्लाने कोरलेली. मेणासारख्या थरावर सुईने भराभर काढायचं आणि पुढचं काम आम्लावर सोपवायचं. त्या रेघेला थट्टा करता येते. कोरणीच्या रेघेला थट्टा जमत नाही. ती कष्टाची रेघ आहे आणि कष्ट लपवणं हेच तिचं कसब.

कोरलेल्या पत्र्यावर शाई चोळतात, मग ती पुसून टाकतात. आधी जाळीदार फडक्याने, शेवटी खडूची पूड लावलेल्या उघड्या तळव्याने. खाचांतली तेवढी राहते. ओला कागद, वर लोकरीचे जाड तुकडे, रुळांचं दाबयंत्र, आणि कागद उचलला की चित्र उलटं: पत्र्यावरचा उजवा हात कागदावर डावा. त्यामुळे डच मुद्राचित्रं पाहताना मी आधी सुई कुठल्या हातात आहे ते बघते. कोरक्याने विचार केला नसेल तर घरभर डावखुऱ्या बायका. आणि प्रत्येक छपाईगणिक, प्रत्येक पुसण्यागणिक, पत्रा थोडाथोडा झिजतो. उशिरा काढलेल्या प्रती फिकट असतात, सावल्या विरळ, चेहरे पुसट. पाठी मात्र टिकतात. त्यांत रेघाच इतक्या असतात.

त्या घासणाऱ्या बाईच्या चित्रात भांड्यांवर जिथे जिथे चकाकी आहे, तिथे काय आहे हे पाहायला मी पडद्यावर ते चित्र वाढवत नेलं. तिथे काहीच नाही. कोरा कागद. कोरणी तिथे गेलेलीच नाही. चित्रातल्या बाईने जिथे सर्वांत जास्त हात चालवला आहे, तिथे चित्र काढणाऱ्या बाईने मुळीच हात चालवलेला नाही. आणि जो कोपरा अंधारा, भिंतीला लागून दुर्लक्षित, कुणीच न घासलेला, तिथे रेघांवर रेघा, तिरक्या, उभ्या, पुन्हा तिरक्या. भांड्यावर श्रम उजळ दिसतात, कागदावर श्रम काळे दिसतात. एका बाईचा पुसण्याचा आणि दुसरीचा भरण्याचा धंदा. हे ध्यानात आल्यावर मला ते चित्र नुसतं बघता येईना. माझी नजर सारखी काळ्या जागांकडे जाऊ लागली.

डच घरात त्या शतकात वस्तू नुसत्या वस्तू नव्हत्या. प्रत्येकीला काही तरी बोलायला लावलेलं होतं. 1614 साली आम्सटरडॅमच्या रूमर विसर या धान्यव्यापारी कवीने ‘सिन्नेपोपेन’ नावाचं प्रतीकचित्रांचं पुस्तक छापलं. एक वस्तू, वर बोधवाक्य, खाली चार ओळींचं मर्म. त्यात फणी आहे: ती स्वच्छही करते आणि शोभाही आणते. पाय शेकायची निखाऱ्यांची लाकडी पेटी आहे. बायका स्कर्टखाली ती ठेवून बसत, आणि बायकांची लाडकी म्हणून तिची थोडी चावट कुचेष्टा केलेली आहे. पुढच्या आवृत्तीत विसरच्या लेकीने, आनाने, त्यावर स्वतःच्या कविता घातल्या. मला या पुस्तकावर रागावायला जमत नाही. फणीकडे, भांड्याकडे इतक्या लक्षपूर्वक बघणारी माणसं होती, याचंच कौतुक वाटतं.

रागावता येतं ते याकोब काट्सवर. 1625 सालचं त्याचं ‘हाउवेलिक’, म्हणजे विवाहग्रंथ, डच घरांत बायबलच्या शेजारी ठेवलेलं असे म्हणतात. बाईच्या आयुष्याचे त्याने सहा भाग पाडले: कुमारी, उपवर, नवरी, पत्नी, आई, विधवा. आद्रियान व्हान द वेनच्या सुरेख चित्रांसह. त्याआधीच्या शतकात इटालियन आल्चातीच्या प्रतीकग्रंथात देवी व्हीनस कासवावर पाय ठेवून उभी आहे आणि तिचा अर्थ काय, तर बाईने कासवासारखं घरात राहावं आणि गप्प राहावं. बिचारं कासव! ते सावकाश का होईना, चालतं; घर घेऊन कुठेही जातं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सूतकताईचंही तसंच. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी बायको सूत कातते, म्हणून सूत कातणारी बाई दिसली की ती सद्गुणीच. 1555 मध्ये मार्टेन व्हान हेम्सकर्कने त्या अध्यायावर चित्रमालिका केली आणि कोर्नहर्टने ती कोरली. तेव्हापासून चरख्यासमोर बसलेल्या प्रत्येक बाईच्या मागे ती पतिव्रता उभी. झाडूचं तसं, वाकून झाडणाऱ्या बाईचं मन स्वच्छ. उलट बाजूही होती. मोलकरीण असेल आणि मासे, कोंबड्या, भाज्या यांच्या ढिगात हसत उभी असेल, तर ते सगळं वासनेचं राज्य. याकोब माथामने चित्रकार आर्टसेनच्या स्वयंपाकघराच्या चित्रांवरून कोरलेल्या पानांत पुढे मासळीचा नि भाजीचा बाजार, आणि पार मागे, खिडकीएवढ्या चौकटीत, येशू शिष्यांबरोबर जेवायला बसलेला. मुदपाकाच्या धुरातून देवापर्यंत पोचायचं ते ज्याला जमेल त्याने.

प्रतीकाची गंमत अशी की ते एकदा कळलं की पाहणं संपतं. चरखा म्हणजे सद्गुण, झालं. मग त्या बाईचा पाय पायटीवर किती वेळ आहे, बोटं कापली आहेत का, अंबाडीच्या धाग्याला थुंकी लावून लावून तोंड कोरडं पडतं का, हे विचारायची सोय राहत नाही. गुण आला की काम गेलं.

रोखमनच्या पाचांपैकी एकात मात्र प्रतीक आहे. चुण्या घालणाऱ्या तरुणीच्या चित्रात कवटी आहे. मृत्यूची आठवण, त्या काळातल्या चित्रांत जागोजाग असते, फुलांशेजारी, पुस्तकांशेजारी, सारंगीशेजारी. इथे कापडाच्या चुण्यांशेजारी. त्या चुण्यांचा एक इतिहास आहे. गळ्याभोवतीच्या गाडीच्या चाकाएवढ्या कॉलरी सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हॉलंडात जुन्या वळणाची माणसं घालत होती. कापड बारीक तागाचं. हार्लेमच्या माळांवर ते गवतावर पसरून, राखेच्या क्षाराचं पाणी आणि आंबलेलं ताक पाजून आठवडेच्या आठवडे पांढरं केलेलं. घरी आणल्यावर खळ, मग गरम सळईवर एकेक चुणी. पुरुषाची प्रतिष्ठा त्या चुण्यांवर उभी राहायची. पावसाची एक सर आली की ती मान टाकायची, धुलाई झाली की पुन्हा सपाट फडकं. म्हणजे पुन्हा खळ, पुन्हा सळई.

ती कवटी कोणासाठी ठेवली असेल, असा मला प्रश्न पडतो. ऐहिक सुखं क्षणभंगुर आहेत हे फुलांचा हौशी व्यापारी किंवा गळाभर कॉलर घातलेला नगरसेवक विसरू शकतो. त्याला कवटी दाखवायला हवी. पण दर आठवड्याला त्याच चुण्या पुन्हा घालणारी मुलगी? सगळं नष्ट होतं हे तिला कोणी शिकवावं! तिच्याइतकं ते कोणाच्याच हातांना माहीत नाही. घरकाम म्हणजे नष्ट होणाऱ्या गोष्टी रोज पुन्हा उभ्या करणं. त्यात धर्मोपदेशकाला सांगण्यासारखं फारसं उरत नाही. कदाचित रोखमनने बाजाराची रीत म्हणून कवटी घातली असेल, विकत घेणाऱ्याला बोध मिळाला तर चित्र भिंतीवर लागतं. कदाचित ती थोडीशी खोडकर असेल. मुलगी तिकडे बघत नाही, एवढं खरं. तिचं लक्ष चुण्यांवर.

या चित्रांवरून कलेचे इतिहासकार एकेकाळी चांगले भांडले आहेत. 1976 साली राइक्सम्यूझियमने भरवलेल्या एका प्रदर्शनात एड्डी द योंग यांनी दाखवून दिलं की डच घरगुती चित्रांतल्या झाडू, पिंजरा, दिवा, कांदा यांना दडलेले अर्थ आहेत. प्रतीकग्रंथ उघडा आणि चित्र वाचा. 1983 मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी उलट पुस्तक लिहिलं की डच माणसाला अर्थापेक्षा पाहण्याचा नाद होता. भिंग, नकाशा, दुर्बिणी यांच्या देशात चित्र म्हणजे वर्णन. दोन्ही बाजू वाचताना मी दोन्हींना मान डोलावते आणि मग त्या घासणाऱ्या बाईकडे परतते. वाचणारे आणि पाहणारे, दोघेही तिच्या खांद्यावरून पलीकडच्या भांड्यांकडे बघताहेत असं वाटतं. तिने बरोबर मध्ये उभं राहून त्यांची वाट अडवली आहे.

शतकाच्या शेवटी, 1694 मध्ये, यान लाउकेन आणि त्याच्या मुलाने, कास्परने, माणसाच्या शंभर धंद्यांचं चित्रपुस्तक काढलं. लोहार, विणकर, टाचण्या करणारा, आरसे करणारा, सुकाणूवरचा खलाशी. प्रत्येकाखाली देवाकडे नेणारी कविता. आजही हॉलंडात कुठल्या जुन्या धंद्याविषयी लिहायचं म्हटलं की त्यातलंच चित्र वापरतात. घर चालवणं हा त्यांत धंदा नाही. पण घर लाउकेनला सुटत नव्हतं. 1711 मध्ये त्याने घरातल्या वस्तूंचंच पन्नास चित्रांचं पुस्तक केलं: आरसा, भाता, झाडू, कात्री, चाळण. प्रत्येक वस्तू आत्म्याला काही शिकवते. मी त्यात गुंगून जाते, कारण लाउकेनची वस्तू मोठ्या प्रेमाने काढलेली असते. झाडूच्या काड्या, भात्याचं चामडं, सगळं नीट ओळखू यावं असं. पण पन्नास धडे मिळवूनही झाडणाऱ्या बाईचा धंदा काही त्या शंभरांत गेला नाही.

त्या काळात काही बायकांना तांब्यापर्यंत पोचता आलं, बहुधा घरातूनच. माग्दालेना व्हान द पास युट्रेक्टमधल्या कोरक्या घरातली. तिच्याकडे शिकलेली आना मारिया व्हान स्खुरमान हिला सुईकाम, कागद कातरणं, कोरणं, तत्त्वज्ञान, ग्रीक, हिब्रू, सगळं यायचं. 1636 मध्ये युट्रेक्टचं विद्यापीठ सुरू झालं तेव्हा तिला व्याख्यानं ऐकायची परवानगी मिळाली, ती पडद्याआडून. तिने स्वतःचा चेहरा तांब्यावर कोरलेला आहे, समोरून, सरळ डोळ्यांत पाहणारा. मुखवटा नको म्हणणाऱ्या त्या चेहऱ्यापुढे रोखमनच्या पाठमोऱ्या बाया ठेवल्या की वाटतं, दोघींनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली आहेत. एक म्हणते, हा बघा माझा चेहरा. दुसरी म्हणते, चेहऱ्याचं काय बघायचं, हात भरलेले आहेत.

रोखमनचं आयुष्य लहानच. 1650 च्या दशकात तिचा माग संपतो. ती कोरणी घेऊन बसत असेल तेव्हा खोलीत तेलाचा, मेणाचा, शाईचा वास असेल. तांब्याचे बारीक कुरळे तुकडे जमिनीवर पडत असतील, अनवाणी पायाला टोचतील असे. ते कोणीतरी झाडून काढत असणार. आणि जेवणाची वेळ होत असणार. माग्दालेना उठली असेल, की ती स्वतः, की दोघींना हाक मारणारी आई, की ठरावीक पगारावरची मोलकरीण? पाच चित्रांपैकी रांधण्याचं चित्र ज्या दिवशी कोरलं जात होतं, त्या दिवशी त्या घरात कोण रांधत होतं?